पैलवानाचं वजन

थेरपीच्या खोलीत जमिनीवर दोन बायका, एक पैलवान, चावीचं एक बदक आणि एक सपाट वजनकाटा. पैलवानाचं वजन, पायांतल्या प्लास्टिकच्या स्प्लिंटसकट, अकरा किलो दोनशे ग्रॅम. ते आत्ताच त्याला काट्यावर बसवून पाहिलं होतं. साडेतीन वर्षांचा काटकुळा जीव. पैलवान हे नाव आजीनं थट्टेनं ठेवलेलं, पण तो आता त्याच नावाला ओ द्यायचा.

“दुपारी डॉक्टर विचारणार, उभं राहायला किती आधार लागतो,” थेरपिस्ट म्हणाली.

आईला हे ठाऊक होतं. त्या उत्तरावरच ठरायचं होतं, की उभं राहण्याचा सराव चालू ठेवायचा, की तो थांबवून चाकांच्या खुर्चीची सवय लावायची. गेले आठ महिने ती रोज त्याला उभं करत होती. मागून वाकायची, दोन्ही खांदे धरायची. थोड्याच वेळात त्याचे गुडघे लटपटायचे. मग ती आणखी घट्ट धरायची. दुसऱ्या कुणी हात लावला की तो भोकाड पसरायचा, म्हणून इथेही ते काम तिचंच.

“निम्मा भार माझ्याच हातांवर असतो, मॅडम.” तिनं मनगटं चोळली. “हात भरून येतात नुसते.”

“मग मोजूनच टाकू. तुम्ही जेवढं उचलून धराल, तेवढं काट्यावर कमी दिसेल.”

आज हात जरा सैल ठेवावेत, असं क्षणभर आईच्या मनात आलं. पण पडला तर? तिनं नेहमीसारखेच खांदे पकडले आणि त्याला काट्यावर उभं केलं.

थेरपिस्टनं बदक त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. “पैलवान, बोलाव बघू याला.”

“ए ढमाल्या, ये ना ले!”

गुडघे लटपटले. आईची बोटं खांद्यांत रुतली. काट्यावरचे आकडे भरभर पळाले आणि थांबले. थेरपिस्टनं वाकून पाहिलं. पैलवानाला तिनं पुन्हा काट्यावर बसवायला लावलं. अकरा दोनशे. पुन्हा उभं करायला लावलं.

“काय झालं?” आईनं मान पुढे काढली. “फारच कमी दिसतंय का?”

“तेरा किलो नऊशे.”

“वाढलं? काटा बिघडलाय तुमचा.”

“काटा ठीक आहे. ताई, तुम्ही त्याला उचलून धरत नाही. खाली दाबताय.” थेरपिस्टचे कान लाल झाले होते. “आणि मी इतके महिने नुसते त्याचे गुडघे बघत बसले.”

चटका बसावा तसे आईचे हात उडणारच होते.

“एकदम नको! हळूहळू. मी आहे समोर.”

आईनं आधी तळवे उचलले. नुसती बोटं राहिली. साडेबारा. मग बोटांची टोकं. साडेअकरा. तिच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर आला, पण तो पुसायला हात मोकळा नव्हता. तिनं डोळे मिटून उघडले आणि टोकंही उचलली.

पैलवान पुढे डुलला. मग मागे. आईचे हात झेपावले आणि त्याच्या खांद्यांपासून वीतभर अंतरावर तसेच थांबले.

“आई, ढमाल्याला चावी दे,” पैलवान म्हणाला.

आकडे खालीवर झाले आणि स्थिरावले.

अकरा किलो दोनशे.