कोळोशीची बुरशी

प्रयोगशाळेत जेलच्या पातळ थरावर निळे पट्टे उमटू लागले तशी हेमांगी खाली वाकली. प्रत्येक जातीच्या बुरशीतल्या एन्झाइमांचे पट्टे वेगळ्या जागी उमटतात. इथे मात्र दोन बुरशींचे पट्टे तंतोतंत जुळत होते, तेही तिसऱ्यांदा. एक बुरशी साधी, शिळ्या भाकरीवर येणारी. दुसरी तीस वर्षांपूर्वी तावडेसरांनी नवी जात म्हणून शोधलेली. तिला त्यांनी आपल्या कोळोशी गावाचं नाव दिलं होतं, आणि गावानं त्यांची मिरवणूक काढली होती.

सर मागे येऊन कधी उभे राहिले, तिला कळलंच नाही.

"सर, माझंच काहीतरी चुकलं असेल," ती चाचरत म्हणाली.

सरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "तीनदा कसं चुकेल?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "दोन महिन्यांनी मी निवृत्त होतोय. तोवर कुणाला सांगू नकोस."

तिनं होकार दिला खरा, पण घरी ती रात्रभर नोंदवही चाळत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती दबकतच प्रयोगशाळेत शिरली. सर आधीच आलेले. कपाटातल्या बुरशीच्या नळ्यांवरच्या कोळोशी नावाच्या चिठ्ठ्या ते नखानं खरवडत होते.

"सर, दोन महिने म्हणालात ना?"

"म्हणालो. पण आज पहिल्या वर्षाच्या मुलांना हीच जात शिकवायची होती." त्यांनी तिच्या हातात खडू दिला. "तूच शिकव. पट्टे दाखव त्यांना. मी मागच्या बाकावर बसतो."