हापूसवरचं बांडगूळ

डॉक्टरांनी माझ्या पिशवीतली बांडगुळाची पानं उलटसुलट करून पाहिली.

"संशोधन चाललंय ते युरोपातल्या बांडगुळाच्या इंजेक्शनांवर. त्यानंही कॅन्सर बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि हे तर झाडच वेगळं. बायकोला काढा देऊ नका. केमो चुकवू नका."

मी मान डोलावली. पिशवी तिथल्याच कचरापेटीत टाकली.

घरी आलो तेव्हा कुमुद खाटेवरून परसात बघत होती. लग्नाच्या वर्षी तिनं लावलेल्या हापूसवर बांडगूळ माजलं होतं. एरवी पाऊस सरला की मी ते कोयत्यानं छाटतो.

"यंदा काढलं नाहीत. झाड वाळेल हो," ती म्हणाली.

"वाळू दे," मी म्हणालो. "उद्या डॉक्टरच चुकले असं निघालं तर?"