पापणीच्या आतला रंग

"असं होणारच नाही, डॉक्टर. पुन्हा बघा," आई म्हणाली. जिना चढून आल्यापासून तिला लागलेली धाप अजून ओसरली नव्हती.

पुन्हा बघून रिपोर्ट काय बदलणार? बबडीचं हिमोग्लोबिन वाढायचं सोडून जरा घसरलंच होतं. तिच्या छातीत नवं हृदय बसवून दोन वर्षं झाली. ते बिचारं इमानेइतबारे चाललं होतं, पण पोरीच्या अंगाला रक्त काही धरत नव्हतं. आज रक्त वाढलेलं दिसलं असतं, तर सोमवारपासून शाळा. आईने दप्तरसुद्धा भरून ठेवलं होतं.

आईला पटेना. रोज सकाळी ती बबडीची खालची पापणी ओढून बघायची. आत फिकट दिसलं की तिचा दिवस काळजीत जायचा. पण गेला महिनाभर तर चांगलं लालबुंद दिसत होतं. आजसुद्धा.

डॉक्टरांनी स्वतः पापणी ओढून पाहिली. आत पांढरंफटक. बबडीने मान खाली घातली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सकाळी आईच्या चपला वाजल्या की ही बया पांघरुणात दोन्ही डोळे खसाखसा चोळायची. तेवढ्यापुरता रंग यायचा. आईला हसावं की रडावं कळेना. असं का केलंस, तिने विचारलं.

"पांढरं दिसलं की तू तुझं ताट माझ्यापुढे सरकवतेस," बबडी म्हणाली, "आणि मला भूकच नाही म्हणतेस."

डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. हा खाण्याचा दोष नाही, हृदय टिकवणाऱ्या औषधांमुळे रक्त कमी बनतंय. त्यावर इंजेक्शन आहे, आजपासूनच सुरू करू, शाळेचं पुढच्या महिन्यात बघू. तुमच्या वाटणीचं जेवण हिच्या पोटात घालून काही व्हायचं नाही. आई नुसती मान हलवत राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या. बबडीने सवयीने बाही वर केली, पण नजर डॉक्टरांवरच ठेवली.

"माझं झालं की आईचं रक्त तपासा," ती म्हणाली. "दुपारी ती झोपली की मी तिची पापणी ओढून बघते. जागीसुद्धा होत नाही. आणि आत माझ्याहून पांढरं असतं."