कोनची हडळ

“काकू, जेवलात का?” हडळीला असं विचारायचं मैत्रिणींनी चॅलेंज दिलं होतं. कोन गावातल्या आमच्या सोसायटीच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये हडळ ‘श्श्श’ करते आणि बोलणाऱ्याची वाचा जाते, असं व्हॉट्सॲपवर फिरत होतं. हडळ घालवायला माझे बाबा रविवारी मिरच्यांची धुरी देणार होते. मी दार ढकलून खणखणीत विचारलं. माळ्यावरून खरंच ‘श्श्श’ आलं. मैत्रिणी पळाल्या. मी टॉर्च मारला, तर पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराच्या, पांढऱ्याशुभ्र चेहऱ्यांची तीन पिल्लं. कर्नाळा पक्षी अभयारण्यातल्या बोर्डावरचं गव्हाणी घुबड, चक्क आमच्याकडे! तेवढ्यात त्यांची आई खिडकीतून माझ्या डोक्यावरून आत आली, पंखांचा जराही आवाज न करता. मी पटकन टॉर्च बंद केला. घरी बाबा म्हणाले, “घुबड? त्यापेक्षा भूत परवडलं. अपशकुनी ते, धुरी देणारच.” मी आईबाबांना सांगून टाकलं, “रविवारी क्लासला जाणार नाही. पिल्लांच्या दारात बसणार आहे.”