तिसरा भाग

जुन्या रोमन कथा-कादंबऱ्यांची मराठी भाषांतरं जमवायचा चिंतामणराव गुरुजींना भारी नाद. एका कादंबरीचे दोन भाग त्यांच्या कपाटात होते. तिसऱ्यासाठी त्यांनी मोताळ्याच्या बाजारातल्या रद्दीवाल्यांपासून अख्खा जिल्हा पालथा घातला. नवीन राज्य झालं त्या साली तो सापडला, तोही उंद्रीला, सोजराबाईच्या देवघरात. तिचे मालक शाळेत मास्तर होते. ते वारल्यापासून बाई त्यांच्या त्या पुस्तकावर रोज फूल वाहायची. तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती.

"काही कामाचं हाय का हो गुरुजी हे?" तिनं विचारलं.

खरं सांगितलं तर बाई पुस्तक हातचं सोडायची नाही, हे चिंतामणराव अनुभवानं शिकले होते. त्यांनी दोन पानं उलटली, नाक मुरडलं. "छे! नुसती रद्दी आहे." चहा पिऊन ते उठले. पुढच्या खेपेला बाई आपण होऊन देईल, याची त्यांना खात्री होती.

होळी झाल्यावर ते परत गेले. देवघरातली ती जागा रिकामी होती. सोजराबाईनं मोठ्या हौसेनं आतून एक टोपली आणली. भिजवलेला कागद मेथ्या घालून कुटून केलेली, छान गुळगुळीत.

"तुमच्यासाठीच केली, भाकरी ठेवाले. बरं झालं गुरुजी तुम्ही सांगतलं. नाहीतर मी अडाणी बाई, रद्दीलेच मास्तर समजून जलमभर फुलं वाहत राह्यली असती."