भिंतीतलं ‘येतो’

तांबट आळीच्या सहलीतली मंडळी दुपारी शेवटच्या घरापाशी थांबली. गाईड इरावतीने श्रवणयंत्र भिंतीला टेकवलं. चुन्याच्या गिलाव्यात मुरलेले जुने आवाज त्यातून ऐकू येत. आधी तांब्यावर पडणारे हातोडीचे ठोके आले, मग एक तरुण आवाज. “येतो गं, ताई.”

परदेशी पाहुण्यांच्या कानातल्या भाषांतरयंत्राने सांगितलं, ‘भाऊ घरी आला.’ ते कौतुकाने हसले.

“आला नाही, निघाला,” मागून कुमुदबाई करडे म्हणाल्या. इतरांसारखंच तिकीट काढून त्या आल्या होत्या. “आपल्यात निघताना ‘जातो’ म्हणतात का कधी?”

इरावती चपापली. “तुमचं घर होतं हे?”

“हो. तो माझा धाकटा भाऊ. भांडून निघाला, तो परत आलाच नाही.”

यंत्रातून आता नुसते ठोके येत होते. “तुमचं उत्तर भिंतीत उतरलेलं दिसत नाही,” इरावती हळूच म्हणाली.

“दिलंच नव्हतं. हे ठोके माझेच आहेत. मुद्दाम जोरात मारत होते.”

कुमुदबाई भिंतीच्या अगदी जवळ गेल्या.

“ये रे,” त्या म्हणाल्या. “लवकर ये.”