अभ्यास सुरू आहे

मृत व्यक्तीचे अवयव रुग्णास देण्याची मुभा देणारे विधेयक आमदारबाईंनी मांडले आणि सभागृहाने ते एकमताने मंजूर केले; मात्र राज्यपालांच्या सहीअभावी त्याचा कायदा होत नव्हता. हृदय निकामी होत चाललेला बाईंचा थोरला भाऊ रुग्णालयात त्याच कायद्याची वाट पाहत होता.

"काय गं, एवढ्या सगळ्यांनी हात वर केले, मग त्या एकाचाच हात का आखडलाय?"

"ते अजून अभ्यास करताहेत, दादा."

"लवकर पास व्हा म्हणावं. इथं माझा निकाल लागायची वेळ आलीय!"

पुढच्याच आठवड्यात भाऊ गेला. अंत्यविधी उरकून बाई परतल्या, तेव्हा राज्यपालांचा माणूस दारात उभा होता.



त्याने दिलेल्या लिफाफ्यात शोकसंदेश होता आणि त्याखाली राज्यपालांनी स्वहस्ते, तातडीने केलेली सही.